१६५ वाजून १६५ मिनिटं

निपाणीजवळ आमच्या आबांचा ऊस आहे. थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री, म्हणून मोटर दोन तास चालून आपोआप बंद व्हावी असा डबा मी करून दिला. आत आर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड), डीएस१३०७ ही घड्याळाची चिप, दोन ओळींचा एलसीडी पडदा आणि दोन रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच. घरी बेळगावात टेबलावर आठवडाभर बिनचूक चालला. रानात लावल्यावर दुसऱ्याच दिवशी आबांचा फोन. "अरे, मोटर चालू झाली की तुझं घड्याळ १६५ वाजलंय म्हणतंय की!"

१६५ हा आकडा उगाच येत नाही. घड्याळाकडून उत्तरच आलं नाही, तर प्रोग्रामच्या हाती सगळे बिट १ लागतात. घड्याळ दशक आणि एकक चार-चार बिटांत ठेवतं, त्या हिशोबाने ते दशकाच्या जागी १५ आणि एककाच्या जागीही १५, म्हणजे १६५. घड्याळ गप्प बसतंय एवढं कळलं. का, ते कळेना. मोटरच्या धक्क्याने होत असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

मग आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झवाला स्वस्त लॉजिक ॲनालायझर मागवला, वायरींवरचे ० आणि १ टिपून लॅपटॉपवर दाखवणारा. काडेपेटीएवढा. सॉफ्टवेअर पल्सव्ह्यू, फुकट. लिनक्सवर लगेच ओळखला गेला, विंडोजवर मात्र झॅडिग नावाच्या प्रोग्रामने ड्रायव्हर बदलावा लागला.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. सगळ्या चॅनेलवर २० मिलिसेकंदांची चौकोनी लाट, म्हणजे ५० हर्ट्झ, भिंतीतली वीज! ग्राउंडची वायर जोडायलाच विसरलो होतो. ती जोडल्यावर सिग्नल आला, पण डीकोडर काही वाचेना, कारण सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा पाहायचं ते, २० किलोहर्ट्झवर होता आणि आयटूसी (चिप एकमेकींशी बोलतात ती दोन वायरींची पद्धत) १०० किलोहर्ट्झवर धावत होतं. १ मेगाहर्ट्झ केल्यावर ओळी वाचता येऊ लागल्या. प्रत्येक बाइटनंतर नववा क्लॉक येतो. समोरच्या चिपने तेव्हा डेटा लाइन खाली ओढली तर ॲक, म्हणजे 'मिळालं', नाही तर नॅक.

शनिवारी रानात लॅपटॉप घेऊन बसलो. स्टार्टरच्या वायरी आधी काढल्या, ४०० व्होल्टशेजारी ही खेळणी नकोत. दोन चॅनेलवर आयटूसीच्या एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक) वायरी, तिसऱ्यावर रिलेची पिन. मोटर नाही, नुसता रिले टकटकवला, तरीही १६५! माझा मोटरच्या धक्क्याचा सिद्धांत तिथंच मेला.

पडद्यावर चित्र स्वच्छ होतं. रिले ओढायच्या, म्हणजे चालू करायच्या, आधी घड्याळाचा पत्ता हेक्स ६८, ॲक. ओढल्यावर ६८, नॅक. पुन्हा ६८, पुन्हा नॅक. त्याच वायरींवर एलसीडीचा पत्ता २७ मात्र दर वेळी ॲक देत होता. म्हणजे वायरी ठीक, नॅनो ठीक, एकटं घड्याळ रुसलेलं.

मग डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, उघडली. डीएस१३०७ चा पुरवठा बॅटरीच्या सव्वापट व्होल्टेजखाली गेला की तो वेळ मोजत राहतो, पण कुणाशी बोलत नाही. माझ्या घड्याळाच्या नाणेसेलवर, म्हणजे त्या बॅटरीवर, ३.१ व्होल्ट होते, म्हणजे सीमा साधारण ३.९. मल्टिमीटर लावला: रिले बंद असताना ४.७, दोन्ही ओढल्यावर ३.६. नॅनो आणि एलसीडीला तेवढे चालतात, म्हणून ते जिवंत. एलसीडी फिकट होतोय हे मी दोनदा पाहिलं होतं आणि उन्हावर ढकललं होतं.

दोष निघाला पुरवठ्याच्या वायरीत. जुन्या चार्जरची केसासारखी वायर, मध्ये पिळून दिलेला जोड, त्यावर हिरवा थर. जाड वायर टाकून जोडाला डाख दिला, रिले ओढूनही ४.६ राहिले.

ॲनालायझरला व्होल्टेज पडलेलं दिसलंच नाही. तो फक्त ० आणि १ जाणतो, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. पण मल्टिमीटर कुठल्या दोन टोकांना आणि कुठल्या क्षणी लावायचा, ते त्यानेच सांगितलं. नाही तर मी अजून स्टार्टरभोवती कपॅसिटर लावत बसलो असतो.

आबांनी एकच विचारलं, "आता चोवीसच्या वर वाजत न्हाई न्हवं?"