पाठ फिरवलेला हंदाला

आपल्याकडे पाठ फिरवली म्हणजे साथ सोडली असं म्हणतात, पण हंदालाला बघितलं की मला ते पटत नाही. नाजी अल-अली या पॅलेस्टिनी व्यंगचित्रकाराने काढलेला हा पोरगा, अनवाणी, कपड्यांना ठिगळं, साळिंदरासारखे उभे केस, हात मागे धरलेले. १९६९ ला कुवेतच्या पेपरात पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं तोंड दिसायचं, १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर वळला तो वळलाच. त्या वादावर अमेरिकेच्या मर्जीने जो तोडगा लादायचं चाललं होतं त्याला त्याचा नकार होता हा. पण तो जागा सोडून जात नाही हो, चित्र कुठलंही असो, हा कोपऱ्यात उभा, आणि आपण आपोआप त्याच्या मागे उभे राहून तेच बघत बसतो जे तो बघतोय.

त्याचं नाव आलंय ज्या वेलावरून ते म्हणजे आपलं कडू वृंदावन. फळ कडूजहर, आणि वेल कापला तरी मुळातून परत फुटतो.

हंदाला कायम दहा वर्षांचा, कारण १९४८ ला, इस्रायल स्थापन झालं त्या वेळच्या युद्धात, गॅलिलीतलं अल-शजरा गाव सुटलं तेव्हा नाजी साधारण तेवढेच होते. नंतर लेबनॉनमधली ऐन अल-हिलवे ही निर्वासितांची छावणी. पोरगा मायदेशी परतेल तेव्हाच मोठा होईल असं ते सांगायचे.

मला सगळ्यात जास्त लागलेलं चित्र १९८२ चं, बैरूतवर इस्रायलचा हल्ला झाला त्या काळातलं. फुटक्या भिंतीला भगदाड, त्यातून एका बाईचा चेहरा, आणि हंदाला तिला फूल देतोय. 'सुप्रभात बैरूत', बास, एवढेच शब्द. नेहमी मागे असलेला हात इथे पुढे आलाय, मी कितीतरी वेळ त्या हाताकडेच बघत बसले होते.

आणि नाजींनी फक्त इस्रायल-अमेरिकेलाच झोडलं असं नाही, अरब पुढाऱ्यांनाही सोडलं नाही, ते लोक त्यांच्या चित्रात जाडजूड, थुलथुलीत, पायच नसलेले. हे सहन कोण करणार? १९८५ ला कुवेत सोडावं लागलं, लंडनला गेले, तिथेही रोज चित्रं चालूच. २२ जुलै १९८७ ला पेपरच्या ऑफिसबाहेर गोळी घातली, २९ ऑगस्टला गेले. २०१७ ला पोलिसांनी तपास परत उघडला, पण खुनाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

दफन इंग्लंडमध्येच झालं, ब्रुकवुडच्या दफनभूमीत. हंदाला मात्र वेस्ट बँकमधल्या भिंतींवर अजून रंगवला जातो, दहाच वर्षांचा.