पेनी रेडचा तक्ता: एफ ओळ पुरी झाली

माझ्या पेनी रेडच्या, म्हणजे ब्रिटनच्या जुन्या एक पेनीच्या लाल टपाल तिकिटांच्या, तक्त्यात या खेपेला भर फारशी नाही, पण एफ ओळ एकदाची पुरी झाली. अडून बसलं होतं ते कोपऱ्यांत एफ-जी अक्षरं असलेलं तिकीट. मिळालं तेव्हा खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर शिक्का बदाबदा बसलेला. पण वर 'जी' आणि 'एफ' स्वच्छ दिसत होते. म्हणजे खाली एफ-जीच.

नव्यांसाठी: ब्रिटनच्या या एक पेनीच्या लाल तिकिटांचा पूर्ण ताव म्हणजे १२-१२ च्या २० ओळी, एकूण २४० तिकिटं. तेव्हा १२ पेनींचा शिलिंग आणि २४० पेनींचा पौंड, त्यामुळे ओळीला शिलिंग, तावाला पौंड. खाली डावीकडचं अक्षर ओळ सांगतं, उजवीकडचं ओळीतली जागा. १८६४ पासूनच्या तिकिटांत हीच अक्षरं उलट क्रमाने वरही आली, ती दोन वापरलेल्या तिकिटांचे शिक्का नसलेले तुकडे जोडून कुणी पुन्हा चालवू नये म्हणून. बाजूच्या नक्षीत बारीक प्लेट नंबर, म्हणजे छपाईच्या पत्र्याचा नंबरही असतो, ७१ ते २२५, मधले काही गाळून. मी मात्र प्लेट कुठलीही चालवून घेतो, फक्त तक्त्यातली २४० घरं भरायची, अक्षरांच्या प्रत्येक जोडीला एक. (प्लेट ७७ बद्दल विचारू नका, ती अतिदुर्मिळ, स्वप्नातली गोष्ट.)

आपला छंद ओसरत चाललाय, ही रड सगळीकडे ऐकू येते. खोटी नाही. पत्रंच येईनाशी झाली, मग पाकिटावरचं फुकटचं तिकीट येणार कुठून? आलंच, तर बऱ्याचदा स्टिकरवालं. कोमट पाण्यात कितीही भिजवा, सुटत नाही. आणि हवा तो संच बसल्या जागी मागवता येतो, त्यामुळे शोधाशोधीची गंमत गेली. 'पुढे भाव येईल' म्हणून गोळा करणारेही पांगले. त्यांची मला फारशी आठवण येत नाही.

पेनी रेड अब्जावधींनी छापली गेली, दुर्मिळ म्हणावी अशी नाहीच. तरी तक्त्यातलं एक रिकामं घर डोक्यात किडा सोडतं. हे तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही; भिंगाखाली धरून त्याची जागा ओळखावी लागते. माझं मन रमतं ते तिथेच. तेच तिकीट नुसतं अल्बममध्ये लावलं असतं, तर मी त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नसतं.

आता के ओळ. के-डी आणि के-जे हवेत. शिक्का जड चालेल, पण कडेचे दाते कापलेले नकोत. बदल्यात द्यायला बी ओळीतली डुप्लिकेट भरपूर आहेत.