इजा कशी झाली?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या टेबलावर एक काम ठरलेलं असतं. ठोसेघर आणि भांबवलीचा वजराई हे साताऱ्याचे धबधबे, कोयनेचं पाणी, नदीचे घाट, सगळीकडचे पडून आणि बुडून झालेले मृत्यू गोळा करायचे आणि बैठकीसाठी तक्ता करून द्यायचा. मी आरोग्य खात्यात सांख्यिकीचं काम करते. मृत्यूचं कारण लिहिलेले नमुना ४ आणि ४अ चे कागद माझ्याकडं येतात, त्यांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले कोड पाडणं हा माझा रोजचा उद्योग.

त्या वर्षी तक्त्यात एक रकाना जास्त होता : 'नशेमुळे'. आमचे साहेब नवीन, तरुण आणि वाचणारे. त्यांनी मला डेव्हिड नट यांची गोष्ट सांगितली. हे ब्रिटिश सरकारच्या अमली पदार्थ सल्लागार मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष. २००९ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की घोडेस्वारीत साधारण ३५० वेळांमागं एकदा गंभीर इजा होते आणि एक्स्टसी या नशेच्या गोळीत १०,००० वेळांमागं एकदा. मंत्रीणबाई भडकल्या, माफी मागायला लावली. पुढं त्याच वर्षी आणखी एका भाषणावरून नटसाहेबांचं पदही गेलं. "आपल्याला असं काही मांडता येईल का?" साहेब म्हणाले.

कल्पना मला आवडली. पण भागायचं म्हटलं तर खाली आकडा लागतो. वेण्णा लेकवर वर्षात किती जण घोड्यावर बसतात, हे घोडेवालाही सांगू शकणार नाही. उरमोडी धरणाच्या कडेला किती बाटल्या फुटतात, हे तर कोण मोजणार? आणि वरचा आकडा तरी कुठं धड आहे?

तो दिवस मी गठ्ठे उपसण्यात घालवला. बुडालेला माणूस आमच्याकडं बहुधा डब्ल्यू ६९ होतो, नैसर्गिक पाण्यात असताना बुडाला. पाय घसरून पाण्यात पडला तर डब्ल्यू ७०. कड्यावरून पडला तर डब्ल्यू १५. पोहायला उतरलेला, म्हैस धुवायला गेलेला, पाणी उपसायच्या मोटारीचा फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, साफ करायला पाण्यात शिरलेला, तिघंही एका ओळीत. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात माणूस तेव्हा काय करत होता यासाठी वेगळा आकडा आहे : ० म्हणजे खेळ, १ म्हणजे विरंगुळा, २ म्हणजे पोटापाण्याचं काम. आमच्या तक्त्यापर्यंत तो पोचत नाही. पोचणार कसा? नमुन्यात 'इजा कशी झाली?' अशी एक ओळ आहे, ती बहुतेक वेळा कोरी, नाहीतर तिथं परत 'पाण्यात बुडून'. काही जण तर मृत्यूचं कारण म्हणून 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडून' लिहितात. ती सगळ्यांचीच बंद पडते हो!

दुपारी एक माणूस आला. कृष्णाकाठच्या गावचा, पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ग्रामपंचायतीनं तालुक्याला आणि तालुक्यानं आमच्याकडं धाडलेला. धाकटा भाऊ नदीत बुडून गेला होता.

"मॅडम, दाखल्यावर दारूचं काय लिवू नका, एवढंच सांगाय आलोय."

मी सांगितलं, की दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतंच. नोंदणी कायद्याच्या कलम १७ नं ते उघड करायला मनाई आहे. त्याचं समाधान झालं नाही. त्याला नियम माझ्यापेक्षा जास्त पाठ होते. भाऊ खातेदार शेतकरी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अशा मृत्यूला वारसांना दोन लाख मिळतात, पण माणूस नशेत असेल तर मिळत नाहीत. शवविच्छेदनात 'बुडून' आलं होतं, पण व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवलेला, त्याचा अहवाल यायचा होता. "त्याची बायको हाय, दोन ल्हान पोरं हायती. ती कशावर जगायची?"

माझ्या कागदाचा योजनेशी संबंध नाही, हे मी परत परत सांगितलं. मग तो खुर्चीत टेकला आणि न विचारताच बोलायला लागला. मित्राचा वाढदिवस होता. घाटावर बसले होते. पैज लागली, पलीकडच्या काठाला हात लावून यायचं. "पाऊण पात्र गेला. मग दिसंनाच."

"पोहायला यायचं ना?"

"नदीकाठचं पोरगं ते, मॅडम. माझ्या आदी पवाय शिकलंय."

"किती घेतली होती?"

"मी तितं नव्हतो," तो म्हणाला आणि पिशवी आवरायला लागला.

'इजा कशी झाली?' या ओळीचं इतकं पुरं उत्तर माझ्यासमोर कधी आलं नव्हतं, आणि ते देणारा माणूस ते लिहू नका म्हणायला आला होता.

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या रकान्याकडं बघत बसले. समजा प्रयोगशाळेला दारू सापडली. तरी माझा कोड डब्ल्यू ६९ च. दारूचा पुरावा दाखवायला वाय ९० आहे, पण तो जोडकोड, मुख्य कारणाच्या तक्त्यात येत नाही. म्हणजे तीच दारू दोन लाख नाकारायला पुरेशी आणि 'नशेमुळे' या रकान्यात एक आकडा भरायला अपुरी. मला हे वाकडं वाटतं. पैसे अडवण्याइतकी ती खरी असेल, तर मोजण्याइतकीही खरी असायला हवी.

देशाच्या आकड्यांतही हेच दिसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली बुडून ३८,५०३ मृत्यू आहेत, आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनानं ६८१. इंग्लंड-वेल्सची वस्ती सहा कोटींच्या आसपास, तिथं त्याच वर्षी अमली पदार्थ आणि औषधांच्या विषारी मात्रेचे ४,९०७ मृत्यू नोंदले गेले, डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि आत्महत्या धरून. व्याख्या वेगळी आहे, मान्य. पण तिथं मृत्यूच्या कायदेशीर चौकशीसाठी नोंद कित्येक महिने थांबते, आणि आकडा मृत्यूच्या नव्हे, नोंदणीच्या वर्षात धरतात. आपले ६८१ वाचून कुणी व्यसनमुक्तीची पाठ थोपटून घेऊ नये.

आणि जी अपघातातून वाचतात ती आमच्याकडं येतच नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये बोरणे घाटात सेल्फीच्या नादात दरीत गेलेल्या मुलीला दोरानं वर काढलं. सगळ्या महाराष्ट्रानं तो व्हिडिओ बघितला. माझ्या तक्त्यात त्याची ओळ नाही.

साहेबांना मी सांगितलं, नशेचा रकाना कोरा ठेवा, शून्य लिहू नका. शून्य म्हणजे कुणी मेलं नाही असा अर्थ होतो. त्यांनी ऐकलं. बैठकीत धबधब्यांवर बंदी ठरली. नदीचे घाट यादीत नव्हते, तिथं पर्यटक येत नाहीत ना.

मग साहेबांच्या सहीनं सगळ्या रुग्णालयांना पत्र काढलं, की ती ओळ भरा. दुसऱ्याच दिवशी एका डॉक्टरांचा फोन. "मॅडम, उद्या कोर्टात मला उभं करतील. मी काय नदीवर होतो का?"

"'नातेवाइकांच्या सांगण्यावरून' असं जोडा आणि लिहा," म्हटलं.

आता काही जण लिहितात. परवा एका कागदावर होतं : 'मित्रांसोबत पोहताना, सांडव्याखाली, नातेवाइकांच्या सांगण्यावरून'. कोड डब्ल्यू ६९ च पाडला. पण अशा ओळी मी आता वेगळ्या वहीत उतरवून ठेवते.