आमची वाटचाल : उद्यमबाग ते दिल्लीचं धुरकं

आमच्या कारखान्याचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो. इकडे साखर कारखान्यांच्या मोळ्या टाकायची तयारी, तिकडे पंजाब-हरियाणात भाताची खोडं पेटायला लागतात. दिल्लीत वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत साचते आणि गाड्यांचा, चुलींचा, शेतांचा धूर तिच्यात कोंडून राहतो. त्याआधी आमची हवेतली धूळ मोजायची यंत्रं तिथल्या छतांवर चढलेली असावी लागतात. खंडेनवमीला मशिनींना हार घालून गप्प बसायचा दिवस, पण नेमके त्याच दिवशी दिल्लीचे फोन.

बाबांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये जुनं लेथ टाकलं, तेव्हा कामं ठरलेली होती. फौंड्रीचं कास्टिंग फिनिश करून द्यायचं, नाहीतर हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे आत घट्ट सरकणारे दांडे. हवेशी आमचा संबंध एवढाच, की संध्याकाळी नाकातनं काळं यायचं.

२००९ च्या नोव्हेंबरात देशाची हवेची मानकं बदलली आणि पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ, त्यात पहिल्यांदा आलं. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, असं ठरलं. मग यंत्रं लागणारच. एका जुळणी करणाऱ्या गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग आलं : ॲल्युमिनियमचं तोंड, आत एक नोझल, भोकाचं माप मायक्रॉनमध्ये. स्पूल करणाऱ्याला मायक्रॉनची भीती नसते, म्हणून काम जमलं. हे कशात बसतं, ते मात्र आम्हाला वर्षभर ठाऊक नव्हतं.

यंत्र तसं साधं. पंप मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो, म्हणजे दिवसाला २४ घनमीटर. नोझलमधून झोत जोरात निघतो आणि एकदम वळतो. जड कण वळू शकत नाहीत, ते तेलावर आपटून चिकटतात. बारीक कण पुढे फिल्टरवर जाऊन बसतात. फिल्टर आधी आणि नंतर वजन करायचा, की झालं. पण ते वजन किती? हवा मानकाच्या काठावर असली तर दिवसभरात जेमतेम दीड मिलिग्रॅम. साखरेचे एक-दोन दाणे! बोटाचा घाम लागला तरी हिशेब चुकतो. आणि प्रवाह कमी पडला, तर झोताचा जोर जाऊन नको ते जाडे कणही आत शिरतात.

पुढे आम्ही पूर्ण यंत्र करायला लागलो. पहिल्याच हिवाळ्यात दिल्लीहून गिऱ्हाइकाचा फोन, आवाजात आनंद : 'आपकी मशीन में आँकड़ा कम आ रहा है, बढ़िया है!' त्याच छतावर दुसऱ्याचं यंत्र होतं, ते रोज जास्त दाखवत होतं. आमचे फिटर काका, तीस वर्षं आमच्याकडे, घरी कानडी आणि शेडमध्ये मराठी, म्हणाले, ''दोघांची हवा एकच न्हवं? मग आपलंच कुठंतरी गळतंय बघा.'' गोवा एक्सप्रेसनं दोघं निजामुद्दीनला उतरलो. बरोबर कुंद्याचा डबा, कारण वाईट बातमी रिकाम्या हातानं सांगायची नसते.

काकांचं खरं निघालं. फिल्टरखालच्या ओ-रिंगची, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याची, खाच आमच्याच हातानं दोन दशांश मिलिमीटर खोल गेली होती. बेळगावात दुपारी तपासलं तेव्हा सगळं घट्ट होतं. दिल्लीच्या रात्री रबर आकसलं आणि फिल्टर चुकवून बाहेरची हवा आत यायला लागली. मीटर ती हवा मोजत होता, फिल्टरवर मात्र तिची धूळ नव्हती. म्हणून आकडा कमी. गिऱ्हाइकाला सांगितलं, महिन्याभराचे आकडे टाकून द्या. तो आमच्यावर चिडला, हे समजू शकतो. उरलेले पैसे आजतागायत आले नाहीत.

मधे स्वस्त सेन्सरच्या पेट्यांची लाट आली, आम्हीही चार जोडून पाहिल्या. त्या वजन करत नाहीत, कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून अंदाज घेतात. जानेवारीच्या धुक्यात कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. कुठली गल्ली जास्त वाईट, एवढं कळायला त्या चांगल्या. वजनाची जागा त्यांना द्यायला माझा हात धजत नाही.

गावात लोक विचारतात, ''दिल्लीत चारशे असतं म्हणे?'' तो चारशे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, मायक्रोग्रॅम नव्हे. पीएम २.५ घनमीटरला २५० मायक्रोग्रॅम झालं की निर्देशांक ४०० होतो, आणि पट्टी ५०० ला संपते. हवा तिथं थांबते असं नाही.

आमच्या छतावरही एक यंत्र चाचणीसाठी चालू असतं. इथला फिल्टर तांबूस निघतो, रस्त्याच्या मातीचा. दिल्लीहून डिसेंबरात येतो तो काजळीसारखा. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले, तर नव्या पोराला काही शिकवावं लागत नाही.

त्या हिवाळ्यानंतर खडेबाजारातल्या एका दुकानदाराचा जुना आइस्क्रीमचा फ्रीजर घेतला. प्रत्येक यंत्र रात्रभर त्यात. सकाळी काका यंत्राच्या तोंडावर टोपण लावून पंप चालू करतात आणि हवेच्या मीटरकडे बघत बसतात. काटा शून्यावर आला, म्हणजे कुठं गळत नाही, तरच खोका बंद.