फेब्रुवारीतलं गॅदरिंग

एलएसयूत, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, पदवीदान होतं, माजी विद्यार्थ्यांच्या मेजवान्या होतात, फुटबॉलच्या शनिवारी तर अख्खं बॅटन रूज रस्त्यावर येतं. पण नव्वदच्या दशकात तिथे शिकायला गेलेल्या आम्हा मराठी मुलामुलींच्या लेखी विद्यापीठाचं खरं गॅदरिंग एकच. फेब्रुवारीत बेसबॉलचा मोसम उघडतो, ते शनिवार-रविवार. फुटबॉलच्या गर्दीत माणूस हरवतो. बेसबॉलला मात्र ओळखी होत, आणि गेल्या वर्षीची माणसं त्याच जागी बसलेली सापडत.

तेव्हाचं ॲलेक्स बॉक्स मैदान १९३८ सालचं, जुनाट आणि आटोपशीर. नाव विद्यापीठाच्याच एका खेळाडूचं. दुसऱ्या महायुद्धात तो उत्तर आफ्रिकेत मारला गेला. सामन्याच्या कितीतरी आधी बाहेर गाड्यांच्या डिक्या उघडत, शेगड्या पेटत आणि मसाल्यात उकडलेले क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे शेवंडे, मक्याच्या कणसांसकट टेबलावर ओतले जात. डोकं मोडून आतला रस कसा ओढायचा, हे आमच्यातल्या वेंगुर्ल्याच्या मुलीला कुणी शिकवावं लागलं नाही. तिथल्या बायका बघतच राहिल्या. शाकाहारी मित्रासाठी एका आजोबांनी जांबलाया नावाच्या तिथल्या मसालेभातातले सॉसेजचे तुकडे एकेक करून वेचून काढले. तो भात मुळात कोंबडीच्या रश्शात शिजलाय, हे त्याला सांगायची आमची कुणाची छाती झाली नाही.

सामना आम्हाला उशिरा कळू लागला. आधी कळला तो सराव. खेळ सुरू होण्याआधी एक असिस्टंट कोच हातात लांब, सडपातळ बॅट घेऊन उभा राही. तिला फंगो म्हणतात. तिसऱ्या बेसपासून, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या टप्प्यापासून, सुरुवात करून तो एकेकाला जमिनीलगत चेंडू देत जाई. कुणाला सरळ, कुणाला दोन पावलं डावीकडे. शेवटचा चेंडू कॅचरसाठी, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे बसून झेलणाऱ्यासाठी, थेट आभाळात, खाली येईल तो होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, आसपासच. हा फटका वाटतो तितका सोपा नाही. ते आजोबा आम्हाला सांगत, “स्कोअरबोर्डवर याचं नाव कधी दिसायचं नाही, पण नजर याच्यावर ठेवा.” शाळेच्या गॅदरिंगला पडदा ओढणारे सर असतात, तशी ती नोकरी. उन्हातान्हात हायस्कुलांची मैदानं पालथी घालून मुलं हेरायची, त्यांच्या आईबापांशी बोलायचं, सरावाला शेकडो चेंडू टाकायचे, आणि जिंकल्यावर फोटोत कडेला उभं राहायचं.

नव्वदच्या मध्यात तिथल्या असिस्टंटांत माइक बिआन्को होते. ते मूळचे तिथलेच खेळाडू. फ्लोरिडातल्या इंडियन रिव्हर या दोन वर्षांच्या कॉलेजातून आले आणि १९८८-८९ मध्ये एलएसयूसाठी कॅचर म्हणून खेळले. संघात कॅचर एकटाच असा, की ज्याला सगळं मैदान तोंडासमोर दिसतं. पुढे जाऊन इतके कॅचर कोच होतात, त्याचं मला तरी नवल वाटत नाही. नॉर्थवेस्टर्न स्टेटमध्ये उमेदवारी करून १९९३ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक स्किप बर्टमन यांच्या हाताखाली परतले. पाच मोसम राहिले, आणि त्यांतल्या तीन मोसमांत, १९९३, १९९६ आणि १९९७ मध्ये, एलएसयू राष्ट्रीय विजेता ठरली. बर्टमन स्वतःही मायामी विद्यापीठात तिथले मुख्य प्रशिक्षक रॉन फ्रेझर यांचे असिस्टंट होते, तेव्हा ही रीत त्या घराण्यातलीच.

बिआन्को पगारी असिस्टंट. पण त्या काळी कॉलेज बेसबॉलमध्ये आणखी एक माणूस असे, ‘व्हॉलंटियर’ कोच. काम तेच, तास तेच, पगार मात्र नाही, नियमानेच नाही. उन्हाळ्यात लहान मुलांच्या शिबिरांतून मिळेल ती कमाई. आमच्यातले बरेच जण टीचिंग असिस्टंट होते आणि आपल्या स्टायपेंडच्या नावाने रोज खडे फोडत. हा प्रकार कळल्यावर महिनाभर तरी आमची कुरकुर बंद झाली. १९९२ पासूनची ही पद्धत २०२३ च्या जुलैत एकदाची संपली. एवढा पैसा खेळवणाऱ्या खेळाला तीस वर्षं एक माणूस फुकट राबवावासा वाटला, याची मला आजही चीड येते.

१९९६ चा अंतिम सामना आम्ही टीव्हीवर पाहिला. राष्ट्रीय स्पर्धेची अखेरची फेरी दरवर्षी नेब्रास्कातल्या ओमाहात होते, तिथलं रोझेनब्लॅट मैदान, समोर बर्टमन यांचीच जुनी मायामी. शेवटची इनिंग, मायामी ८-७ ने पुढे, दोन आउट, तिसऱ्या बेसवर एक जण. बॅटिंगला वॉरन मॉरिस. मनगटाजवळचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेला, त्या मोसमात एकही होमरन, म्हणजे कुंपणापलीकडे जाणारा फटका, नसलेला. पहिलाच चेंडू उजव्या कुंपणापलीकडे गेला. दोन धावा, आणि विजेतेपद आमचं. आमचा कोल्हापूरचा मित्र असा ओरडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले, आणि काय झालं ते कळल्यावर तेही ओरडू लागले. पुढच्या फेब्रुवारीत गर्दी इतकी, की आमच्या नेहमीच्या जागा गेल्या. त्या १९९७ च्या मोसमात संघाने १८८ होमरन मारले. ॲल्युमिनियमच्या बॅटचा ठणठणाट नुसता.

त्यानंतर बिआन्को मॅकनीज स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २००१ च्या मोसमापासून मिसिसिपी विद्यापीठात, म्हणजे ‘ओल मिस’मध्ये. म्हणजे आमच्याच लीगमधले प्रतिस्पर्धी. तिथे ओमाहा गाठायला त्यांना २०१४ उजाडलं. त्या विद्यापीठाची त्याआधीची वारी १९७२ ची. २०२२ मध्ये तर एका टप्प्यावर लीगमध्ये ७ विजय आणि १४ पराभव अशी गत झाली, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या चौसष्ट संघांत अगदी शेवटी शेवटी जागा मिळाली. तिथून पहिल्या फेरीला मायामीच्याच मैदानावर जाऊन ती फेरी जिंकली, आणि शेवटी ओमाहात ओक्लाहोमाला सलग दोन सामन्यांत हरवून विजेतेपद घेतलं.

एव्हाना आम्ही सगळे पांगलो होतो. कुणी ह्यूस्टनला, कुणी पुण्यात परत. जुनं मैदानही बदललं. २००९ पासून नवं ॲलेक्स बॉक्स, आणि आता तिथल्या हिरवळीला बर्टमन यांचं नाव आहे. तरी जमेल तसे आम्ही फेब्रुवारीत बॅटन रूजला जमतोच, आणि वेंगुर्लेकरीण अजूनही क्रॉफिशच्या ढिगाशी पहिली पोचते. २०२२ नंतरच्या भेटीत सगळा वेळ एकाच वादात गेला. ओल मिसचं हे विजेतेपद आपलं मानायचं की नाही? कोल्हापूरकर म्हणाला, “प्रतिस्पर्धी तो प्रतिस्पर्धीच.” मी म्हटलं, कॅचर आमचा, असिस्टंट आमचा, मग जमा आमच्याच खात्यात. मतदान झालं. मी हरले.