आज नाशिकच्या शरणपूरला भक्तीनंतर

महिना झाला, अंबडमधलं काम सुटलंय. आज चर्चला जायचंही जिवावर आलं होतं. आई म्हणाली, "नुसता बसून ये." गेलो, बसलो शेवटच्या बाकावर.

पाळकांनी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय काढला. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.' शंभरदा ऐकलेलं वचन. मनात म्हटलं, सांगायला काय जातंय! मग त्यांनी आठवण करून दिली की हे लिहिताना पौल कैदेत होता. सुटणार की मरणार, काहीच नक्की नव्हतं. आणि त्याच अध्यायात तो म्हणतो, असेल त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. शिकलो! म्हणजे त्यालाही ते आपोआप आलं नव्हतं तर. का कोण जाणे, तिथेच डोळे भरून आले.

बाहेर शेजारच्या मावशींनी काहीच विचारलं नाही. त्यांचे यजमान जाऊन अजून वर्ष नाही झालं. पिशवीतली द्राक्षं माझ्या हातावर ठेवली, म्हणाल्या, "खा रे, गोड आहेत." खरंच गोड होती. (इतक्या दिवसांत कशाची चवच लागली नव्हती.)

उद्या सातपूरला एका ठिकाणी बोलावलंय. होईल, न होईल. पण परतताना गाडीवर चक्क रेव्हरंड टिळकांचं भजन गुणगुणत होतो. सिग्नलला बाजूचा रिक्षावाला बघून हसला.