तुम्ही विचारलंत म्हणून: मंगळवारची कादंबरी कोल्हापुरात कधी?

"ती नवी लव्हस्टोरी मंगळवारी येतेय म्हणं. मग आपल्याकडं कधी?" विचारणारी मुलं बहुतेक अकरावी-बारावीची नाहीतर कॉलेजची. कादंबरी इंग्रजी, सोळा-सतरा वर्षांच्या दोघांची, गाव डब्लिन, सोल किंवा टोकियो. खालोखाल दुसरा प्रश्न असतो, की आत्ताच बुक करून टाकू का?

मंगळवार हा अमेरिकेचा वार. तिथले मोठे प्रकाशक नवी पुस्तकं सहसा मंगळवारी काढतात, ब्रिटनमधले गुरुवारी. एकाच कादंबरीच्या दोन तारखा दिसल्या तर दोन्ही खऱ्या असू शकतात. आपल्या कामाची बहुतेक वेळा ब्रिटनची, कारण इंग्रजी पुस्तकांचे विक्रीहक्क वाटले जातात तेव्हा भारत सहसा ब्रिटिश प्रकाशकाच्या वाट्याला येतो. अमेरिकेत आधी पुठ्ठाबांधणीची प्रत निघते, छापील किंमत १९ ते २२ डॉलरच्या आसपास, आणि पेपरबॅकला तिथं वर्षभर थांबावं लागतं. आपल्याकडं मात्र बऱ्याचदा पहिल्यापासूनच पेपरबॅक येते, मागं 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' अशी ओळ छापलेली. म्हणजे अमेरिकन वाचक ज्यासाठी वर्षभर थांबतो ते आपल्याला तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत आधी मिळतं. घाईत ऑर्डर टाकणाऱ्याला हे कळत नाही आणि तो दीड-दोन हजार मोजून बसतो.

म्हणून नावावरून नाही, आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकावरून मागवा. हा १३ आकडी नंबर पुठ्ठाबांधणीला वेगळा, पेपरबॅकला वेगळा, ब्रिटिश आवृत्तीला वेगळा आणि अमेरिकन आवृत्तीला वेगळा असतो. ९७८० किंवा ९७८१ ने सुरुवात असेल तर पुस्तक इंग्रजी भाषक देशांतल्या प्रकाशकाचं. भारतात नोंदलेल्या प्रकाशकाचं असेल तर सुरुवात ९७८८१ किंवा ९७८९३. ऑनलाइन एकाच मुखपृष्ठाखाली तीन किमती दिसतात, त्या बहुधा तीन वेगळ्या आवृत्त्यांच्या असतात. प्रकाशकाच्या भारतीय शाखेच्या यादीत पेपरबॅकचा नंबर शोधा, तोच दुकानदाराला द्या. राजारामपुरीतल्या दुकानदाराला नुसतं "ती गुलाबी कव्हरची" म्हणून भागत नाही. गुलाबी कव्हरची पन्नास असतात.

कव्हरवरून आणखी एक फसगत होते, आणि ही जास्त महत्त्वाची. हल्ली मोठ्यांच्या रोमान्सलाही चित्रातली गोड मुलगा-मुलगी काढतात. 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणजे साधारण १२ ते १८ चा वाचक. नायक-नायिका शाळकरी किंवा नुकते शाळेबाहेर पडलेले असतात, आणि कथा सहसा चुंबनाच्या फार पुढं जात नाही किंवा तिथं पडदा पाडते. 'न्यू अ‍ॅडल्ट' मध्ये पात्रं कॉलेजची असतात आणि पडदा बऱ्याचदा उघडाच. कव्हरं शेजारी ठेवली तर फरक सांगता येत नाही. मागच्या पानावर किंवा प्रकाशकाच्या यादीत १२+, १४+ असा वयोगट असतो, तो बघा. भाचीला भेट देणाऱ्या मामांनी तर बघाच.

आता बुक करायचं का? पहिल्या छपाईच्या प्रती रंगवलेल्या कडांच्या (पुस्तक मिटल्यावर पानांच्या बाहेरच्या कडा रंगीत दिसतात तशा) असतील आणि तुम्हाला त्याच हव्या असतील, तर होय. पुनर्मुद्रणात त्या कडा सहसा नसतात. लेखक नवा असेल तरीही बुक करा, कारण आगाऊ मागणी पहिल्या आठवड्याच्या विक्रीत धरली जाते आणि दुकानं त्यावरून प्रती ठरवतात. एरवी थांबा. ई-बुकचा मोफत नमुना साधारण पहिल्या दहा टक्क्यांचा असतो. तो वाचूनच ठरवा.

नमुन्यात प्रेम जमतंय का ते बघू नका, ते शंभराव्या पानापर्यंत जमतच नसतं. देश बघा. कथा जपानमधली असेल तर शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चमध्ये संपायला हवं. निरोपाच्या दिवशी मुलानं गणवेशाचं दुसरं बटण काढून देणं, १४ फेब्रुवारीला मुलींनी चॉकलेट देणं आणि १४ मार्चला मुलांनी परतफेड करणं, ही तिथली प्रेमाची भाषा. कोरियात वर्ष मार्चला सुरू होतं आणि नोव्हेंबरातल्या प्रवेश परीक्षेची टांगती तलवार कथेवर असते. बारावीतल्या दोघांना त्या परीक्षेआधी निवांत फिरायला वेळ मिळत असेल तर लेखकानं चौकशी केलेली नाही. आयर्लंडमध्ये पंधरा-सोळाव्या वर्षी 'ट्रान्झिशन इयर' घेता येतं, त्यात परीक्षेचं ओझं कमी आणि कामाचा अनुभव जास्त; लेखकाला याहून सोयीचं वर्ष कुठलं? इंग्लंडमध्ये ए-लेव्हलचा, म्हणजे तिथल्या बारावीचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर, गुरुवारी लागतो, आणि दोघं एका गावात राहणार की नाही ते तिथं ठरतं. ऑस्ट्रेलियात नाताळ उन्हाळ्यात. नायिका डिसेंबरात सिडनीत लोकरीचा मफलर गुंडाळून फिरत असेल तर पुस्तक मिटा.

उलटं करून बघा म्हणजे पटेल. कोणी परक्यानं कोल्हापूर लिहिलं आणि त्यात अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा आणि चप्पल एवढंच आलं, तर ते आपलं गाव नव्हे, ते पोस्टकार्ड. शेवटची केएमटी बस चुकली म्हणून दोघं चालत निघाली आणि वाटेत ओळखीचे काका भेटले, हे आलं तर गाव आलं. परदेशी कादंबरीलाही हीच परीक्षा लावा: शहराचं नाव खोडलं तर कथा अडते का?

पोचण्याची तारीख धरताना नदी विसरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळीवर आणि ४३ फुटांना धोका पातळीवर जाते. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. पाणी चढत असेल तर अॅपवरची 'उद्या पोचेल' ही ओळ मनावर घेऊ नका, ई-बुक घ्या.

रस्त्यावर दीडशे रुपयांत मिळणारी प्रत बहुधा चोरछापी. कव्हरचे रंग पसरलेले, कणा तिरका, पानं पुसट, आणि ऐन शेवटाला सोळा पानं गायब. अख्खी वाट ज्या शेवटासाठी बघितली तोच नाही. पैसे नसतील तर १८५० पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरात आयएसबीएन लिहून मागणी करून बघा.

आणि पावसाळ्यात रंगवलेल्या कडांची प्रत आलीच, तर तडक उघडू नका. दमट हवेत कडांचा रंग पानांना धरतो. मधून सुरू करून दहा-दहा पानं हलक्या हातानं सोडवत दोन्ही टोकांकडं जा. ओढाल तर रंगासकट कागद सुटतो.